गाठ बेंबीतच का?

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पेशीविभाजनावर बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या थोरल्या भावाला काही महिने पोटदुखीचा त्रास होता. घरात सगळे पित्त समजून चालले होते. मग बेंबीत हरभऱ्याएवढी कडक गाठ दिसू लागली. हर्निया असेल म्हणून दाखवायला नेले. डॉक्टरांनी गाठीला बोट लावले आणि ते एकदम गप्प झाले. नंतर तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. भाऊ चार महिन्यांत गेला. बाईंनी रडवेले न होता, वर्गात विचारावेत तसे दोन प्रश्न विचारले. रोग इतक्या आत, आणि गाठ बेंबीत कशी? आणि डॉक्टरांना नुसत्या बोटाने कसे कळले?

त्या दिवशी पाच मिनिटांत जे सांगता आले ते आम्ही सांगितले. पण या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत, आणि ती हकीकत सावकाश सांगण्यासारखी आहे.

आधी जागा पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. त्याचे डोके उजवीकडे लहान आतड्याच्या वळणात बसलेले असते आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत पोहोचते. पाठीचा कणा त्याच्या लगेच मागे. इतक्या आतल्या अवयवात गाठ वाढली तरी ती बाहेरून हाताला लागत नाही. डोक्याच्या भागात वाढली तर पित्तनलिका दाबली जाते, कावीळ होते आणि निदान काहीसे लवकर होते. मधल्या भागात किंवा शेपटात वाढली तर असा इशाराही मिळत नाही. म्हणून निदान होते तेव्हा बहुसंख्य रुग्णांत रोग इतरत्र पोहोचलेला असतो. तो पोहोचण्याची नेहमीची ठिकाणे म्हणजे यकृत, उदरपोकळीचे पातळ अस्तर आणि फुप्फुसे. बेंबी, मेंदू, हृदय, स्नायू ही ठिकाणे क्वचितची. वैद्यकीय मासिकांत अशा एकेका रुग्णाची स्वतंत्र टिपणे छापली जातात, ती याच नवलामुळे.

मूळ जागा सोडून दुसरीकडे उगवणाऱ्या या गाठींसाठी ‘मेटास्टॅसिस’ हा ग्रीक शब्द वैद्यकात पूर्वीपासून होता. रोग एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतो, इतकाच त्याचा ढोबळ अर्थ. कर्करोगासाठी तो नेमकेपणाने वापरला पॅरिसच्या जोझेफ रेकामिए यांनी, १८२९ सालच्या त्यांच्या ग्रंथात. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या मेंदूत सापडलेली गाठ हा वेगळा रोग नसून त्याच रोगाची शाखा आहे, हे त्यांनी ओळखले. मात्र ही शाखा तिथवर जाते कशी, याबद्दल पुढची कित्येक वर्षे एकमत नव्हते. शरीरातला एखादा दूषित रस सर्वत्र पसरतो असे मानणारे बरेच होते. १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न येथे थॉमस ॲशवर्थ यांनी कर्करोगाने मेलेल्या एका माणसाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्यांना गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या. म्हणजे प्रवास रसाचा नव्हता, पेशींचा होता.

आता बाईंचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याच्या उत्तरात एक शिक्षिकाच आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. २१ ऑगस्ट १८८३ या दिवशी तिथे मोठे चक्रीवादळ झाले. तीसाहून अधिक माणसे मेली आणि जखमींना ठेवायला गावात रुग्णालय नव्हते. सेंट फ्रान्सिसच्या पंथातल्या नन तेव्हा शाळा चालवत. त्यांनी शुश्रूषेचे काम अंगावर घेतले. त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ यांनी पुढे डॉ. विल्यम वॉरल मेयो यांच्यापुढे रुग्णालयाची कल्पना मांडली. एवढ्याशा गावात रुग्णालय चालणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. पण नन मंडळींनी पैसे साठवले आणि १८८९ साली सत्तावीस खाटांचे सेंट मेरीज रुग्णालय सुरू झाले. आज जगभर माहीत असलेल्या मेयो क्लिनिकची सुरुवात ती हीच.

या रुग्णालयासाठी केंटकी राज्यातल्या शाळेतून एका ननला परत बोलावून घेण्यात आले. तिचे पाळण्यातले नाव ज्युलिया डेम्प्सी, जन्म १८५६ सालचा. पंथातले नाव सिस्टर मेरी जोसेफ. शिकवणे हे तिचे काम होते. शुश्रूषेचे शिक्षण तिला नव्हते. ते तिला ईडिथ ग्रॅहॅम या प्रशिक्षित परिचारिकेने दिले. थोड्याच आठवड्यांत ती मुख्य परिचारिका झाली, १८९० पासून डॉ. विल्यम जेम्स मेयो (थोरल्या डॉक्टरांचे चिरंजीव) यांची शस्त्रक्रियेतली पहिली मदतनीस, आणि १८९२ पासून रुग्णालयाची अधीक्षक. मदतनिसाचे काम तिने १९१५ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे केले.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे पोट घासून स्वच्छ करणे हा तिच्या कामाचा भाग होता. काम अगदी साधे, कोणाच्याही लक्षात न येणारे. पण ते शेकडो रुग्णांवर त्याच हातांनी झाले. ज्यांच्या बेंबीत टणक गाठ हाताला लागते त्यांचे पोट उघडल्यावर आत कर्करोग सर्वत्र पसरलेला सापडतो, आणि काही न काढता पोट पुन्हा शिवावे लागते, हे तिच्या ध्यानात आले. तिने ते डॉ. मेयोंना सांगितले.

या निरीक्षणाची किंमत समजायची तर तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, आणि त्यांनीही पोटातल्या मऊ अवयवांचे फारसे काही दिसत नसे. सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन यांना अजून अनेक दशके होती. आत काय आहे हे पाहण्याचा एकच खात्रीचा मार्ग, पोट उघडणे. त्या वेळच्या भूल देण्याच्या पद्धती आणि जंतुसंसर्गाची भीती लक्षात घेता, उपयोग नसलेली शस्त्रक्रिया टळणे म्हणजे रुग्णाचे उरलेले दिवस वाचणे होते. बेंबीवरचे एक बोट हे काम करू शकत होते.

१९२८ साली डॉ. मेयोंनी मेटास्टॅसिसवरच्या एका लेखात या गाठीचे वर्णन केले आणि तिला पँटच्या बटणाची उपमा दिली. सिस्टर जोसेफचे नाव मात्र या खुणेला मिळाले ते हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यचिकित्सकाच्या पाठ्यपुस्तकामुळे, १९४९ साली. तोवर सिस्टरला जाऊन दहा वर्षे झाली होती. ती मार्च १९३९ मध्ये वारली, डॉ. मेयो त्याच वर्षीच्या जुलैमध्ये.

इथे इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट सांगायला हवी. बेंबीतल्या अशा गाठींची नोंद सिस्टरच्या आधीही झालेली होती. बोस्टनच्या होरेशिओ स्टोरर यांनी १८६४ साली, हर्नियासारख्या दिसणाऱ्या पण हर्निया नसलेल्या बेंबीच्या गाठींबद्दल लिहिले होते. बाल्टिमोरच्या टॉमस कलन यांनी १९१६ साली केवळ बेंबी या विषयावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. (बेंबीवर ग्रंथ, हे ऐकून हसू येते, पण असे ग्रंथ लिहिणारी माणसे नसती तर आम्हा मंडळींचे काम अवघड झाले असते.) तेव्हा ‘प्रथम कोणी पाहिले’ या शर्यतीत सिस्टर पहिली नाही. आमच्या मते तिचे श्रेय वेगळे आहे. विरळ नोंदीतली एक चमत्कारिक बाब तिने रोजच्या वापरातली खूण बनवली. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कर्करोगांत ही गाठ शंभरातल्या एक ते तीन रुग्णांतच आढळते. एवढी विरळ खूण ओळखायला हाताखालून पुष्कळ पोटे जावी लागतात.

आता पहिला प्रश्न. बेंबीतच का?

बेंबी म्हणजे आपल्या लेखी नाळ पडल्यावर राहिलेला वण. पण शरीररचनेच्या दृष्टीने ती पोटाच्या भिंतीतली फार खास जागा आहे. इतरत्र कातडी आणि उदरपोकळीचे आतले अस्तर यांच्यामध्ये चरबीचे आणि स्नायूंचे थर असतात. बेंबीत हे दोन्ही जवळजवळ एकमेकांना टेकलेले असतात. शिवाय गर्भावस्थेत वापरात असलेल्या नळ्यांचे अवशेष इथे येऊन मिळतात. आईकडून रक्त आणणाऱ्या शिरेची पुढे एक दोरी बनते, ती बेंबीपासून थेट यकृतापर्यंत जाते. दोन धमन्यांच्या आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या जुन्या नळीच्या दोऱ्या खाली उतरतात. बारीक शिरा आणि लसिकावाहिन्या या दोऱ्यांच्या आधाराने असतात. बेंबीतली लसिका वर काखेकडे आणि खाली जांघेकडे, अशी दोन्हीकडे वाहते. एखाद्या जंक्शन स्टेशनासारखी ही जागा आहे. स्वादुपिंडातून सुटलेल्या पेशी उदरपोकळीच्या अस्तरावर पसरल्या की त्यांना इथवर यायला वाटा आहेत.

वाटेचे हे स्पष्टीकरण दुसऱ्या एका खुणेला आणखी चांगले लागू पडते. जर्मनीच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ साली नोंदवले, की जठराच्या कर्करोगात डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर एक लसिकाग्रंथी सुजून टणक होते. पॅरिसच्या शार्ल एमील त्रुआझिए यांनी १८८९ साली दाखवले, की पोटातल्या इतर कर्करोगांतही ती तशीच होते. स्वादुपिंडाचा त्यात समावेश आहे. हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा: रोग पोटात, मग गाठ मानेशी आणि तीही डावीकडेच का? शरीररचनेची आकृती समोर ठेवली तर नववी-दहावीची मुले उत्तर काढतात. पोटातली आणि पायांतली सारी लसिका एका वक्षनलिकेत गोळा होते. ही नलिका कण्यासमोरून वर चढते, छातीत डावीकडे वळते आणि डाव्या खांद्यापाशी मोठ्या शिरेत रिकामी होते. त्या तोंडाशीच ही ग्रंथी आहे.

एवढे कळल्यावर वाटते की प्रश्न सुटला. रस्त्यांचा नकाशा हाती असला की पेशी कुठे जाणार ते सांगता येईल. पण त्याच १८८९ साली लंडनच्या स्टीफन पेजेट यांनी ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात एक लेख लिहून या समजुतीला धक्का दिला. (सेंट मेरीज, त्रुआझिए आणि पेजेट यांचे साल एकच असावे हा निव्वळ योगायोग, पण सन पाठ करणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल.)

पेजेट यांनी प्रयोगशाळेत काही केले नाही. त्यांनी जुन्या नोंदी मोजल्या. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदींत त्यांना यकृतात दुय्यम गाठी २४१ जणींत सापडल्या, प्लीहेत फक्त १७ जणींत. प्लीहेला जाणारी धमनी काही बारीक नाही, ती यकृताच्या धमनीच्या तोडीची आहे. रक्ताबरोबर वाहत येऊन अडकणे एवढाच खेळ असता, तर हे दोन आकडे इतके दूर नसते. रक्तात पू पसरण्याच्या रोगात या दोन अवयवांतला फरक इतका मोठा नसतो, हेही त्यांनी दाखवले. काही अवयवांचा कल या रोगाकडे अधिक असतो, हे व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी आधी सुचवले होते, आणि पेजेट यांनी ते श्रेय त्यांना दिले. पेजेट यांचे म्हणणे असे, की वनस्पतीच्या बिया वाऱ्यावर चहूकडे जातात, पण रुजतात त्या मानवणाऱ्या मातीतच. आजवर सगळे बियांचाच अभ्यास करत आले, आता मातीचाही करावा.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. काळ्या रानात टरारून येणारे पीक मुरमाड माळावर धरत नाही. पण वैद्यकाने ही उपमा जवळजवळ नव्वद वर्षे बाजूला ठेवली. याचे एक कारण जेम्स एविंग. न्यूयॉर्कच्या या विकृतिशास्त्रज्ञाचा शब्द कर्करोगाच्या बाबतीत अखेरचा मानला जाई. १९२८ साली, म्हणजे मेयोंचा लेख आला त्याच वर्षी, त्यांनी आपल्या ग्रंथात मांडले की रक्ताच्या आणि लसिकेच्या प्रवाहाची रचना दुय्यम गाठींची जागा ठरवायला पुरेशी आहे. पहिली जी बारीक केशवाहिन्यांची जाळी आडवी येईल तिथे पेशी अडकतात. स्वादुपिंडाचे रक्त आधी यकृतात जाते, म्हणून यकृत. सरळ हिशेब. १९४० साली ऑस्कर बॅट्सन यांनी या हिशेबाला आणखी बळ दिले. कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. माणूस खोकला किंवा त्याने जोर केला की ओटीपोटातले रक्त या जाळ्यात ढकलले जाते. प्रोस्टेटचा कर्करोग फुप्फुसांना टाळून मणक्यांत का पोहोचतो, याचे उत्तर त्यातून मिळाले. एविंग यांना चूक म्हणता येणार नाही. त्यांच्या हिशेबाने पुष्कळ उदाहरणे सुटतात. न सुटणारी उरतात, एवढेच.

न सुटणाऱ्या उदाहरणांकडे १९७० नंतर अमेरिकेतल्या आयझाया फिडलर यांनी लक्ष दिले. त्यांनी कर्करोगाच्या पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या उंदरांच्या शिरेत सोडल्या आणि पुढे त्यांचे काय होते ते मोजले. एका दिवसानंतर शंभरातली जेमतेम एक पेशी जिवंत होती. गाठ होण्यापर्यंत टिकणाऱ्या त्याहूनही कमी, हजारात एखादी. म्हणजे प्रवास करणे हे काम सोपे आणि रुजणे फार अवघड. १९८० साली इयान हार्ट आणि फिडलर यांनी आणखी नेटका प्रयोग केला. उंदरांच्या मांडीच्या स्नायूत त्यांनी फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांचे तुकडे लावले. ते जीव धरू लागल्यावर त्वचेच्या एका कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. गाठी फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांत आल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात आल्या नाहीत. जागा तीच, रक्तपुरवठा तिथलाच. बदलली होती ती फक्त माती.

माणसावर असा प्रयोग करता येत नाही. पण १९८४ साली डेव्हिड टारिन आणि सहकाऱ्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. कर्करोगामुळे पोटात पाणी साठून असह्य त्रास होणाऱ्या काही रुग्णांत, ते पाणी नळीने मानेतल्या शिरेत सोडण्याचा उपचार केला जात असे. त्याने रुग्णाला आराम पडे. पण त्या पाण्यात कर्करोगाच्या असंख्य पेशी असत, आणि त्या रोज थेट रक्तात जात. रस्ता ठरवत असता तर या साऱ्यांच्या फुप्फुसांत गाठींचे रान माजायला हवे होते. मृत्यूनंतरच्या तपासणीत कित्येकांची फुप्फुसे स्वच्छ निघाली. पेजेट यांनी मोजून जे म्हटले होते ते इथे दिसत होते.

या शतकात उपमेतली एक उणीवही भरून निघते आहे. पेजेट यांच्या चित्रात माती आहे तशी पडून असते. २००५ सालापासून उंदरांवरच्या प्रयोगांत दिसू लागले, की मूळ गाठ आपली पेशी पाठवण्याआधीच दूरच्या अवयवात बदल घडवून आणते. २०१५ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे दाखवले. गाठीतून अतिसूक्ष्म पुटिका रक्तात सुटतात. यकृतात राहून कचरा साफ करणाऱ्या पेशी त्या गिळतात आणि त्यांच्या इशाऱ्यावरून तिथे चिकट तंतूंचे जाळे तयार होते. मग येणाऱ्या कर्कपेशीला तिथे पाय रोवता येतो. पेरणीआधी रान नांगरून, वाफसा येईपर्यंत थांबून मग पेरावे, तसाच हा प्रकार. या पुटिकांच्या पृष्ठभागावर कोणती प्रथिने आहेत, त्यावरून त्या यकृतात उतरणार की फुप्फुसांत, हेही त्याच गटाने त्याच वर्षी दुसऱ्या लेखात दाखवले.

काळाचाही प्रश्न आहे. २०१० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेलेल्या सात रुग्णांच्या मूळ आणि दुय्यम गाठींतली जनुकीय उत्परिवर्तने मोजली आणि त्यावरून रोगाचे वय काढले. पहिल्या बिघाडापासून खरी कर्कपेशी तयार होण्यास दहाहून अधिक वर्षे, तिला पसरण्याची क्षमता येण्यास आणखी निदान पाच वर्षे, आणि त्यानंतर रुग्णाच्या हाती सरासरी दोनेक वर्षे. बाईंच्या भावाचे पित्त ज्या दिवशी सुरू झाले असे घरच्यांना वाटले, त्याच्या किती आधी आत काय चालले होते, याचा यावरून अंदाज येतो. ‘आम्ही दुर्लक्ष केले’ असे घरातली माणसे स्वतःला पुढे वर्षानुवर्षे ऐकवत राहतात. त्यांना हा हिशेब सांगायला हवा असे आम्हाला वाटते.

शिबिरानंतर आम्ही बाईंना बेंबीपासून यकृताकडे जाणाऱ्या दोरीची आकृती काढून पाठवली होती. त्यांचे उत्तर आले. ती आकृती त्यांनी दहावीच्या वर्गात फळ्यावर काढली होती. भावाचे काही सांगितले नव्हते. एका मुलाने विचारले, की स्वादुपिंडाचे शेपूट तर प्लीहेला टेकलेले आहे आणि प्लीहेची धमनी त्याच्याच काठाने जाते, मग रोग शेजारी सोडून बेंबीत कशाला जाईल? बाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा आम्हाला लिहून पाठवला. मूळ गाठ वाढत वाढत प्लीहेत घुसू शकते, पण रक्तातून येऊन तिथे रुजणारी गाठ स्वादुपिंडाच्या कर्करोगातही विरळच, एवढे आम्ही लिहिले, आणि खाली २४१ व १७ हे पेजेट यांचे आकडे लिहून पत्र पोस्टात टाकले.